तिसरं जाईपर्यंत थांबा

मंगळवार, ६ जानेवारी २००४

तिसऱ्यांदा झालं तर बघू!

हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य. पेनाला टोपण लावता लावता म्हणाल्या. "दोन वेळा होतं असं. खूप जणींचं होतं. तिसऱ्यांदा झालं, तर मग आपण तपासण्या करू."

म्हणजे तिसरं आधी गेलं पाहिजे, मग या बघणार! मी विचारलंच, "म्हणजे तिसरं मी तपासणीसाठी घालवायचं का?" तर चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "इतकं मनाला लावून घेऊ नका हो. ताण घेतला की राहत नाही." घ्या! आता ताणही माझाच गुन्हा.

पहिलं गेल्या फेब्रुवारीत गेलं. दुसरं कुंभमेळ्यात, सप्टेंबरात. दोन्ही वेळा तिसरा महिना लागता लागता. सोनोग्राफीच्या टेबलावर दोन्ही वेळा तेच — ते यंत्र पोटावर फिरवतात, फिरवतात, मग बोलायचे थांबतात. "ठोके दिसत नाहीयेत." पिशवी साफ करायची, दुसऱ्या दिवशी घरी पाठवायचं. जे काढलं ते कुणी तपासलं का, असं मी नर्सला विचारलं होतं. म्हणाली, "त्यात काय बघायचं असतं?"

आज बाईंनी एक प्रश्न मात्र विचारला. "घरात आणखी कुणाला असं झालंय का? तुमच्या आईला? यांच्याकडे कुणाला?" माझ्या आईला नाही. मला बहीण नाही. कुंदनने त्याच्या आईकडे बघितलं. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या, पदर सावरून स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडं असलं काय नाय, बाई. आमच्या घरातल्या बाया समद्या धडधाकट."

समद्या धडधाकट! म्हणजे बिघाड तेवढा माझ्या माहेराहून आला. रुखवतात मांडून!

बाईंनी मान हलवली आणि पुढचा पेशंट बोलावला.

७ जानेवारी

कुंदन म्हणतो, "बाई शिकलेल्या आहेत. थांबा म्हणतात तर थांबू. एखादं वर्ष." (समोर 'अहो' म्हणते. इथे 'तो'च. निदान वहीत तरी.)

एखादं वर्ष! जसं काही वर्ष त्याच्या खिशात सुट्टं पडलंय. मला चौतिसावं लागेल.

११ जानेवारी

मळ्यात टोमॅटोची नवी लागण झालीय. आज सकाळी दोन रोपांनी माना टाकलेल्या. कुंदनने चहा तसाच ठेवला, दोन्ही रोपं मुळासकट उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मोटारसायकलवरून थेट शेतीच्या औषधांच्या दुकानात. दुकानदाराने मूळ चिरून बघितलं, देठ चिरून बघितलं. मर रोग नाही निघाला, पाणी जास्त झालं होतं. तासाभरात परत आला, चेहऱ्यावर समाधान. "वेळेवर बघितलेलं बरं असतं," म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, तिसरं रोप मरू द्यायचं होतं ना आधी."

तो हसला नाही. "रोपाचं वेगळं असतं," म्हणाला.

वेगळं कसं, ते मात्र सांगितलं नाही. टोमॅटोचं मूळ चिरून बघतात, झेंडूच्या पानाची मागची बाजू भिंगाने बघतात, माती पिशवीत भरून तपासायला देतात. आणि माझ्याकडे सगळे हात जोडून — निसर्ग आहे! निसर्ग मळ्यात नसतो काय?

२५ जानेवारी

पाळी आली.

८ फेब्रुवारी

शेजारच्या भागीबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण. आमंत्रण आईंना (म्हणजे सासूबाईंना) आणि मला, दोघींना. सकाळी भागीबाई स्वतः कुंपणाशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "तू आपली जेवायलाच ये गं. ओटी भरायच्या वेळी लय गर्दी होती." गर्दी! सत्तर बायका मावतात, माझ्या एकटीने गर्दी होते!

वर सल्ला — "ती स्टँडवरची नोकरी सोड. दिवसभर खिडकीत बडबड करती, जिवाला आराम नाय. पोट राहील कसं?" अहो, मी बसून काम करते! नाशिकच्या सीबीएस एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत, खुर्चीवर, पंख्याखाली. तुमची सून सहाव्या महिन्यापर्यंत मळ्यात फुलं तोडत होती.

जेवायला गेले नाही. आई डबा घेऊन आल्या. जिलबी होती. खाल्ली. रागाने तीन खाल्ल्या.

२४ फेब्रुवारी

आली.

९ मार्च

कौसरला आज सगळं सांगितलं. कौसर आमच्या स्टँडवर पासच्या खिडकीत असते, जुन्या नाशकातली. सहा वर्षं शेजारी बसतोय, पण हे कधी बोलले नव्हते. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही — दृष्ट लागते. आणि तीन महिने झालेच नाहीत तर सांगायला उरतं काय? रजेच्या अर्जात मी दोन्ही वेळा 'पोटाचा विकार' लिहिलं होतं. विकार!

कौसर चिडली. "पागल आहेस का तू? माझी भाभी पण अशीच गप्प बसायची. शेवटी कॉलेज रोडच्या मॅडमकडे नेली. त्यांनी पहिल्याच दिवशी रक्त घेतलं. तिसऱ्याची वाट बघा असलं काही नाही बोलल्या." पत्ता तोंडपाठ होता तिला.

ड्युटी संपल्यावर नुसतं बघायला गेले. दारावर हा मोठा फलक — 'वंध्यत्व निवारण केंद्र'. खाली गुबगुबीत गोऱ्या बाळाचं चित्र, असलं बाळ अख्ख्या जिल्ह्यात जन्मलं नसेल. वंध्यत्व! मी दोनदा राहिले, मी कुठली वांझ? पायरीवर उभी राहून चांगलीच तणतणले मनात. आणि आत गेले नाही.

खरं लिहायचं तर फलकाचं निमित्त होतं. आत जाऊन कुणी म्हणालं असतं, "हो, तुमच्यातच दोष आहे," तर? त्या भीतीने पाय उचलला नाही. शब्दावर चिडणं सोपं पडलं.

१० मार्च

कुंदनला कॉलेज रोडचं सांगितलं. "एवढा टोमॅटो निघू दे, मग जाऊ." टोमॅटो निघाला की झेंडू असतो. झेंडू निघाला की दसरा. मी म्हटलं, "आणि मी कधी निघायचं?" तर तो चपला घालून मळ्यात निघाला. हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं धड.

२१ मार्च

गुढीपाडवा. आई साखरेची गाठी गुढीला बांधत म्हणाल्या, "दवाखान्याचं राहू दे. आधी त्र्यंबकला नारायण नागबळी करू. कुळातलं कोण अडकलं आसंल तर सुटंल. मग बघ कसं राहतं."

म्हणजे रांग अशी — आधी टोमॅटो, मग नागबळी, मग 'एखादं वर्ष', मग तिसरं, आणि ते गेलं की मग डॉक्टर! माझा नंबर लागेपर्यंत मी आजी व्हायच्या वयाची.

२३ मार्च

आली.

रविवार, १८ एप्रिल

जे झालं ते क्रमाने लिहिते.

विधीची तारीख ठरवायला आम्ही तिघं त्र्यंबकला गेलो. कंडक्टर ओळखीचा — "काय ताई, रोज गाड्या सोडता, आज स्वतःच गाडीत!" सगळ्या गाडीला ऐकू गेलं.

गुरुजींच्या ओसरीवर आमच्याआधी एक गुजराती कुटुंब बसलेलं, मागे आणखी दोघं. गुरुजींनी गोत्र विचारलं, नावं विचारली, मग सगळ्यांदेखत — "बाईंची अडचणीची तारीख काय? तीन दिवसांत यायला नको." मी तोंड उघडायच्या आत आईंनी सांगितलं, "म्हयन्याच्या चोवीस-पंचवीसला येती."

माझी तारीख! यांना पाठ! ओसरीवरच्या त्या गुजराती आजोबांनीसुद्धा मान हलवली, जसं काही तेही पंचांगात मांडून घेणार होते. मी कुंदनकडे बघितलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. गेल्या महिन्याचं पान होतं.

हे गिळलं. पण पुढे ऐक, वही.

गुरुजी म्हणाले, "आता कुळात गेलेले गर्भ सांगा. कच्चे-पक्के, सगळे. लपवलं तर संकल्प अपुरा राहतो, विधी लागू पडत नाही."

आई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "सुनेचे दोन."

"आणखी?"

"लेकीचे दोन. घोटीला दिलीया ती."

मी वळून बघितलं. सुवर्णाताई? माझी नणंद?

"आणखी?"

आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझे तीन. ह्याच्या आधी दोन. सुवर्णाच्या मागं एक."

"एकूण सात," गुरुजी म्हणाले, आणि नवी पांढरी साडी, नवं धोतर, कणीक, तूप, असं सांगत सुटले. तारीख ठरली, अकरा ते तेरा मे. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही.



१९ एप्रिल

गुरुजींना सात, डॉक्टरीणबाईंना शून्य!

"आमच्याकडं असलं काय नाय, बाई." माझ्या कानात घुमतंय ते. स्टुलावर बसून, तोंडावर! आणि मी बावळट माझ्या माहेरचा खानदानी दोष शोधत बसले होते. आईला फोन करकरून विचारत होते — आजीला काही झालं होतं का? मावशीला? आत्याला? आई बिचारी माझ्यामुळे आठ दिवस झोपली नाही.

बाईंना सात ऐकू आले असते, तर त्या 'तिसऱ्यांदा झालं तर' म्हणाल्या असत्या का? सांगता येत नाही. पण नुसती मान हलवून पुढचा पेशंट तरी बोलावला नसता.

आणि सुवर्णाताई! माझ्या दोन्ही वेळी घोटीहून इंद्रायणीचा तांदूळ घेऊन आल्या. मऊ भात करून भरवला. केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, "होईल गं वहिनी सगळं नीट." स्वतःचे दोन गेलेले, आणि माझ्यापुढे चकार शब्द नाही! मला वाटत राहिलं, या अख्ख्या घरात मी एकटीच नासकी.

कुंदनला विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाला, "आईशपथ नाही." आई तिथेच बसलेल्या, त्यांचीच शपथ. खरं असावं.

२१ एप्रिल

सकाळी झेंडूच्या तोडणीला मुद्दाम आईंच्या ओळीत गेले. विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलं?

तोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन म्हयन्याच्या आत गेलं त्याला काय म्हणत न्हाईत. कुणाला सांगायचंच नसतं, तर मोजायचं काय? पहिल्या वक्ताला माझी सासू म्हणली, पाळी लांबली व्हती म्हण. तसंच म्हणले. दुसऱ्या दिवशी कांदे काढाया गेले."

"मग गुरुजींना कसं सांगितलं?"

"देवाच्या कामात खोटं बोलू व्हय?"

"आणि डॉक्टरांपुढे?"

"ती काय देव हाय?"

मला रडावं की हसावं कळेना. मग त्याच म्हणाल्या, हळू आवाजात, "अन् लोकांला कळलं असतं तर म्हणले असते, आईतच खोट हाय. सुवर्णाला कुणी केली असती? कुंदनला पोरगी कुणी दिली असती? तुझ्या बापानं दिली असती का?"

नसती दिली. हे मात्र मनातल्या मनात कबूल केलं. तोंडाने म्हटलं, "तुमचा विधी मी करते. तीन दिवस, पांढरी साडी, सगळं. पण जे गुरुजींना सांगितलंत ते डॉक्टरांना सांगायचं. माझ्यासमोर, यांच्यासमोर."

"बघू," म्हणाल्या, आणि टोपली उचलून गेल्या. टोपली अर्धीच भरली होती.

२४ एप्रिल

आली. आईंना न विचारता कळलं. पंचांग तयारच असतं त्यांचं!

गुरुवार, १३ मे

विधी झाला.

करायचाच म्हणून करायला गेले होते, दात-ओठ खात. पांढरी साडी, उन्हाने तापलेली फरशी, दोन्ही बाजूंना आमच्यासारखीच जोडपी. ओळीने बसवलेली, सगळ्यांचे मंत्र एकमेकांत मिसळलेले. पहिला दिवस मी नुसता रागात काढला.

काल कणकेचा नाग केला. त्याला हळद-कुंकू, त्याला फुलं, त्याची पूजा. मग त्याला रीतसर अग्नी दिला. आणि आम्हाला सुतक! कुणाला शिवायचं नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही. एका कणकेच्या नागासाठी!

तेव्हा मात्र मला फुटलं. माझ्या दोघांना काय मिळालं? एक स्टीलचं भांडं आणि वर झाकण. ना सुतक, ना अग्नी, ना कुणी दारात येऊन बसलं. तिसऱ्या दिवशी मी खिडकीत होते — "मनमाडची गाडी फलाट नंबर चारवर लागेल." कणकेला जे मिळतं ते माझ्या पोटच्यांना मिळालं नाही. मी तिथे मोठ्याने रडले. गुरुजी थांबले, मग मंत्र जरा हळू म्हणू लागले. कुंदनने माझा हात धरला, सगळ्यांसमोर. लग्नानंतर पहिल्यांदा.

मागे बघू नका म्हणाले होते. मी बघितलं. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर तोंडात कोंबलेला, खांदे हलत होते. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे तिघं. कांदे काढायला गेल्या होत्या म्हणे दुसऱ्या दिवशी.

माझा राग गेला नाही. पण काल तो जरा बाजूला सरकून बसला.

२५ मे

आली. राग जागेवर परत.

१७ जून

आईंचं "बघू" चालूच. आधी सुवर्णाताईंना विचारते. मग पाऊसपाणी होऊ दे. मग गुडघा दुखतो. आज म्हणाल्या, "पुढं अधिक महिना लागतोय, अधिकात दवाखान्याची पायरी चढू नये." असं कुठे लिहिलंय? दात दुखला तर अधिकातच उपटून येतात!

त्यांच्यापुढे जे बोलता येत नाही ते इथे — विधीला मी तीन दिवस दिले. तुम्हाला एक वाक्य देता येत नाही!

२० जून

रात्री जेवताना कुंदनने विचारलं, "आणि तपासणीत काही निघालंच तर?"

"तर निघालं!" मी फटकन म्हटलं.

"नाही म्हणजे… मग पुढे काय करायचं?"

हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला. मला वाटत होतं त्याला काही पडलेलं नाही. त्याला भीती वाटते. मलाही वाटते, पण मी ती ओरडून काढते, तो टोमॅटोत नेऊन पुरतो. मी म्हटलं, "माहीत नाही. पण न बघता तिसरं घालवणार नाही. ते माझ्याच्याने होणार नाही." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला.

२२ जून

आज खिडकीतूनच फोन लावला. कॉलेज रोडच्या मॅडमची वेळ घेतली. गर्दी फार, थेट तीन ऑगस्टची मिळाली. कुणाला विचारलं नाही. कधी जायचं ते आता ठरलं. ज्याला यायचं त्याने यावं, नाहीतर मी एकटी जाईन. दिवसभर लोक मला विचारतात, गाडी कधी, गाडी कधी — आणि मी फटाफट सांगते. स्वतःचं सांगायला दीड वर्ष लागलं.

कौसरने बाहेरून भजी आणली. "तेरी गाडी लग गई," म्हणाली.

२४ जून

आली.

२३ जुलै

आली. अधिक महिना चालू आहे. घरी सांगून टाकलंय, तीन ऑगस्ट, सकाळी अकरा.

मंगळवार, ३ ऑगस्ट

सकाळी बघते तर आई नव्या लुगड्यात, चपला घालून ओट्यावर बसलेल्या. "चला," म्हणाल्या. मी अधिक महिन्याचा 'अ'ही काढला नाही.

मॅडम माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग तोच प्रश्न. "यांच्याकडे कुणाचे गर्भ गेलेत?"

मी जीभ दाताखाली धरली. ठरवलंच होतं, मी सांगणार नाही. त्यांचं त्यांनी सांगायचं. आई खाली फरशीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता परत 'धडधाकट'!

कुंदन म्हणाला, "आई, सांग."

तेवढंच म्हणाला. आणि आईंनी सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवला आणि एकेक विचारलं, कितवा महिना होता, काय झालं होतं, कुणी बघितलं होतं का. चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सगळं आठवत होतं त्यांना! पहिलं आखाजीच्या सणाआधी, विहिरीवर धुणं धुताना. दुसरं कुंदनच्या आधीच्या थंडीत. तिसरं सुवर्णाताई चालायला लागल्या तेव्हा. 'मोजत न्हाईत' म्हणे! सगळं मोजून ठेवलेलं होतं.

मॅडम म्हणाल्या, तिसऱ्यासाठी थांबायची काही गरज नाही. आजच रक्त घेऊ. दोघांचं. "आणि यांचं तर नक्कीच."

कुंदन दचकला. "माझं? माझं कशाला?"

"कधी कधी रक्तातल्या गुणसूत्रांची मांडणी जरा उलटसुलट असते. माणूस अगदी ठणठणीत असतो. पण काही गर्भ टिकतात, काही टिकत नाहीत. घराण्यात चालत येऊ शकतं. असेलच असं नाही. पण बघायला हवं." ते आईकडून आलेलं असलं काय नि बापाकडून आलेलं असलं काय, त्याला दोष म्हणत नाहीत, असंही म्हणाल्या.

सुई बघून कुंदनला घेरी आली. पडदा धरूनच खाली बसला. आई त्याच्या तोंडावर पाणी मारत म्हणाल्या, "एवढा गडी तू, अन् चमचाभर रगताला भ्यायला?" नर्स हसली, मी हसले, तोही हसला. मग दुसरा दंड पुढे केला.

नमुने मुंबईला जाणार. उत्तर यायला महिना तरी लागेल.

रिक्षात आईंनी विचारलं, "म्हंजी माझ्याकडून आलं आसंल व्हय गं?"

एप्रिलपासून मी या क्षणाची वाट बघत होते! काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. म्हटलं, "अजून काही कळलेलं नाही, आई. आणि मॅडम म्हणाल्या ना, दोष नसतो." त्यांनी रिक्षाबाहेर तोंड केलं. राग आता कुणावर धरू तेच कळेना — त्या पाळी लांबली म्हणायला लावणाऱ्या सासूवर? ती तर मी बघितलेलीसुद्धा नाही. पहिल्या डॉक्टरीणबाईंवर मात्र अजून आहे. तो सोडणार नाही.

८ ऑगस्ट

सुवर्णाताईंचा घोटीहून फोन. मला वाटलं, तांदळाचं विचारतील. म्हणाल्या, "वहिनी, आईने सांगितलं मला. त्या मॅडमचा पत्ता दे ना. यांना सांगितलेलं नाही अजून." मग बराच वेळ रडल्या. मी ओरडणार होते त्यांच्यावर. नाही ओरडले. पत्ता दिला, स्टँडपासून रिक्षा कुठून धरायची तेही सांगितलं.

२६ ऑगस्ट

आली नाही.

आई कॅलेंडरकडे बघतात, माझ्याकडे बघतात. रिपोर्ट अजून यायचाय. आत्ता नको होतं. देवा, आत्ता नको होतं. आणि आलंय असं वाटून हरखलेय, तेही खोटं नाही.

गुरुवार, २ सप्टेंबर

सहावा आठवडा. मॅडमनी खात्री केली. गोळ्या आजपासूनच. रिपोर्टसाठी मुंबईला फोन करते म्हणाल्या. पुढचं काही सांगू शकत नाही, असंही म्हणाल्या. गोड खोटं बोलल्या नाहीत, बरं वाटलं.

घरी आल्यावर आईंना सांगितलं. म्हणाल्या, "दीपमाला, लोकांला सांगू का? तू म्हणशील तर. नाय म्हणलीस तर नाय."

मला विचारलं! मी म्हटलं, "सांगा."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर पेढे फिरले. भागीबाई तो पेढा हातात धरूनच आमच्या दारात आल्या आणि आईंना म्हणाल्या, "अगं नवसाबाई, एवढ्यात? तीन म्हयने तरी जाऊ द्यायचे. उद्या काय झालं-बिलं तर?"

आई म्हणाल्या, "झालं तर तवाबी तुला बोलवीन. रडाया."